आयत्या वेळी गप्प होणारा भोंगा

सोमवारी दुपारी चार वाजता नगरपालिकेची सभा सुरू झाली आणि साडेपाचच्या सुमारास, अध्यक्षांचे वाक्य अर्धे असतानाच, मी गप्प झालो.

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. सभागृहाबाहेर, अंगणाकडच्या भिंतीवर माझी जागा आहे. आत माईकसमोर जे बोलले जाते ते तारेतून माझ्यापर्यंत येते आणि मी ते अंगणात बसलेल्यांना ऐकवतो. आतले मला दिसत नाही. मला दिसते ते फक्त अंगण. म्हणून जे मी पाहिले, जे अंगणात कानावर आले आणि जे माझ्या तोंडून गेले तेवढेच सांगतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पत्रा ठोकून ठोकून मला आकार दिला, पोटात लोहचुंबक आणि पातळ पडदा बसवला, वरून राखाडी रंग मारला. त्या काळी सभागृहात जागा कमी आणि ऐकायला येणारे पुष्कळ. लोक खिडक्यांना लटकून ऐकत. तेव्हाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "ज्यांना आत बसायला मिळत नाही त्यांना निदान ऐकायला तरी मिळू दे. सगळ्यांचा कारभार आहे हा, आपल्या घरातली कुजबुज नव्हे." आणि मला इथे आणून टांगले.

पहिल्या सभेला माझ्यातून नुसते "हॅलो, हॅलो" आले, तरी अंगणात टाळ्या पडल्या. गटारे, रस्त्यावरचे दिवे, मोकाट कुत्री, पाण्याच्या वेळा, सगळे माझ्या तोंडून गेले. एकदा दोन सदस्य एका मोरीवरून हमरीतुमरीवर आले, तेव्हा पाववाला पाव विकायचे विसरून ऐकत बसला होता. आपले बोलणे बाहेर ऐकू जाते हे आतल्यांना माहीत असे, म्हणून ते जपून बोलत. माझा खरा उपयोग तो होता.

मग अध्यक्ष बदलले. माझा रंग उडाला, तोंडात चिमणीने घरटे केले. त्याचे मला काही वाटले नाही. पण मी मध्येच बंद पडू लागलो. छापलेले विषय संपले की "आता आयत्या वेळचे विषय" एवढे शब्द माझ्यातून जात आणि पुढे शुकशुकाट. आयत्या वेळचे विषय म्हणजे नोटिशीत न छापलेले, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी पुढे आलेले. कुणी विचारलेच, तर उत्तर ठरलेले असे, "भोंगा जुना झालाय." लोकांना ते पटले. खरे सांगायचे तर मलाही पटत चालले होते.

गेल्या महिन्यात चौकातल्या नगरपालिकेच्या दवाखान्याला कुलूप लागले. ते पहिल्यांदा पाहिले टेलरकाकूंनी. काकूंचे कपडे शिवण्याचे दुकान आहे. त्यांच्या सासूबाईंना साखरेचा आजार. पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती, एक दिवसाआड पट्टी बदलावी लागे. मोठे रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि म्हातारीला बसची पायरी चढवत नव्हती. पट्टी चुकली तर अंगठा जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

काकू तडक नगरपालिकेत आल्या. सभेचे काम पाहणारे कारकून त्यांना माझ्याच खाली, अंगणात भेटले.

"दवाखाना बंद कुणी केला?"

"सभेनं केला, काकू. ठराव झालाय. इमारत गोदामाला द्यायची आहे."

"झाला कधी? त्या दिवशी मी इथेच बसले होते शेवटपर्यंत. असलं काही कानावर आलं नाही."

"आयत्या वेळी झाला. भोंगा बंद होता, त्याला आम्ही काय करणार?"

काकूंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. "बरा शहाणा आहे हो तुमचा भोंगा! गटाराचं निघालं की घसा फुटेस्तोवर ओरडतो आणि दवाखान्याचं आलं की मूग गिळून बसतो."

कारकून हसले. काकू हसल्या नाहीत.

त्या दिवसापासून काकूंच्या दुकानाचे दार दुपारनंतर बंद दिसू लागले, असे लोक अंगणात बोलत. काकू घरोघरी फिरत होत्या. एका संध्याकाळी माझ्याच खाली पंधरा-वीस जण जमले. निवृत्त मास्तर म्हणाले, "नवा भोंगा बसवा, असा अर्ज देऊ या."

"नवासुद्धा नेमका त्याच वेळी आजारी पडेल, मास्तर," काकू म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, सभा लोकांना खुली आहे ना?"

"आहे. कायद्यानंच आहे."

"मग झालं तर! भोंगा बोलला तर आपण बाहेर. गप्प झाला की आत."

"आणि आत मावणार कसे एवढे?" पाववाल्याने विचारले.

"तुझे पाव मावतात ना पेटीत? तसेच."

आणि तो सोमवार आला. अंगण गच्च भरले होते. काकूंनी सासूबाईंना पायरीवर बसवले. छापलेले विषय एकेक करून संपले. "आता आयत्या वेळचे..." एवढे माझ्यातून गेले आणि मी गप्प झालो.

कुणी आरडाओरडा केला नाही. काकू उठल्या, चपला सरळ केल्या आणि दाराकडे चालू लागल्या. त्यांच्यामागे सगळे अंगण उठले. माझ्यासमोर उरल्या एकट्या सासूबाई, पट्टीचा पाय पुढे करून बसलेल्या.

थोड्या वेळाने माझ्या पोटात खरखर झाली आणि मी एकदम बोलू लागलो.

"अहो, हे काय चाललंय? बाहेर व्हा आधी!" हा अध्यक्षांचा आवाज.

"बाहेर ऐकू येत नाही, साहेब, म्हणून आत आलो," हा काकूंचा.

"भोंगा नादुरुस्त आहे, माहीत नाही का?"

"हे बटण दाबलं की दुरुस्त होतो. तुमच्या टेबलाच्या कडेला आहे बघा. आत्ता माझ्या बोटाखाली आहे."

हशा झाला, खुर्च्या सरकल्या. मित्रांनो, त्या क्षणी मला कळले, मी नादुरुस्त कधीच नव्हतो.

"आजचा विषय काय?" काकूंनी विचारले. कारकुनांनी घसा खाकरून वाचले, "दवाखान्याची इमारत गोदामाच्या ताब्यात देणे."

"ताबा द्यायचा नाही. विषय छापा, भिंतीवर लावा, चार लोकांना वाचू द्या, मग बोलू. माझ्या सासूबाईंचा अंगठा काही आयत्या वेळी वाचवता यायचा नाही."

अंगणात सासूबाई पुटपुटल्या, "झालं! माझ्या अंगठ्याची दवंडी पिटली हिनं." मग डोळे पुसले आणि माझ्यातून येणाऱ्या सुनेच्या आवाजाला म्हणाल्या, "बोल गं बाई, बोल."

लोक हलत नाहीत हे पाहून अध्यक्षांनी विषय पुढे ढकलला.

मित्रांनो, माझा रंग उडाला म्हणून हळहळू नका. पण तुमच्या नगरपालिकेतला भोंगा गप्प झाला, तर तो जुना झाला असे म्हणून घरी जाऊ नका. आत जा आणि विचारा.

पुढची सभा येत्या सोमवारी आहे. माझे बटण अध्यक्षांच्या टेबलावरून हलवा, असे लोक म्हणतात, पण ते अजून ठरलेले नाही. नोटीस काल लागली. तिच्यात दवाखान्याच्या ठरावाचा फेरविचार हा तिसरा विषय छापलेला आहे. तोवर पाववाला सासूबाईंना आपल्या गाडीत पेट्यांच्या शेजारी बसवून मोठ्या रुग्णालयात नेतो. अंगठ्याचे अजून सांगता येत नाही, असे तिथले डॉक्टर म्हणतात. दवाखान्याचे कुलूप आज सकाळपर्यंत तसेच होते.