हॉर्निब्रूकची एक चोरी

हनुमानला सहा महिन्यांत एक भूत शोधून द्यायचं होतं. नोकरीची अटच तशी होती.

जालना रोडवरच्या ज्या कंपनीत तो चिकटला होता, ती अमेरिकेतल्या बेसबॉलच्या जुन्या नोंदी तपासून द्यायची. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मॅचचा तपशील तारेनं जायचा. तार घेणारा पेंगत असायचा आणि कुणाच्या तरी जागी भलतंच नाव टिपून ठेवायचा. मग असा कधी जन्मालाच न आलेला माणूस पुस्तकात जाऊन बसायचा. जन्मतारीख नाही, गाव नाही, फोटो नाही. नावावर फक्त एक मॅच. या धंद्यात अशांना सरळ भूतच म्हणतात. भूत सापडलं, पुराव्यानं सिद्ध झालं, की पुसायचं. ज्यानं पुसलं तो नोकरीत पक्का.

हनुमाननं जन्मात बेसबॉलची एकही मॅच पाहिली नव्हती. तरी डिमॅजिओनं १९४१ साली सलग छप्पन्न मॅचमध्ये हिट मारल्याचं आणि साय यंगनं पाचशे अकरा मॅच जिंकल्याचं त्याला स्वतःच्या आधार नंबरापेक्षा पक्कं पाठ होतं. जेवताना तो हे आईला ऐकवायचा. रत्नमालाबाईंच्या लक्षात त्यातला एकच गडी राहिला होता, सलग दोन हजार सहाशे बत्तीस मॅच खेळलेला कॅल रिपकेन.

"एक बी सुट्टी नाय?" त्या दरवेळी नव्यानं विचारायच्या. "मुडदा बशिवला त्याच्या मालकाचा!"

पुंडलिकनगरातल्या त्या दोन खोल्यांत तिसरं माणूस म्हणजे बानाबाई, हनुमानच्या वारलेल्या वडिलांची आत्या. चितेगावच्या पलीकडं तिची सगळी हयात मेंढरांमागं गेली होती. पोटी लेकरू नाही. काय बोलायचं ते ती मेंढरांशी बोलायची. गुडघे गेले तशी मेंढरं विकली आणि तिला शहरात आणली. तेव्हापासून ती भिंतीला टेकून बसायची ती बसायचीच. विचारलं तर मान हलवायची. बोलणं जवळजवळ आटलंच होतं.

मुदत संपत आली तेव्हा हनुमानला त्याचं भूत घावलं.

हॉर्निब्रूक. १९०८ सालच्या सप्टेंबरातली एक मॅच. बॅट एकदाही फिरवली नाही, चार खराब चेंडूंवर पहिला बेस, म्हणजे पळत गाठायचा पहिला टप्पा, फुकटात मिळाला आणि मग त्यानं दुसरा बेस चोरला. चोरला म्हणजे, बॉलर चेंडू टाकायच्या नादात असताना धूम पळून पुढच्या बेसवर जाऊन उभा राहिला. ही चोरी कायदेशीर असते, वर तिचा विक्रमही मोजतात. रिकी हेंडरसनच्या नावावर अशा चौदाशे सहा चोऱ्या आहेत. हॉर्निब्रूकच्या नावावर ही एक. त्यापुढं कुणालाच हिट मारता आला नाही, डाव संपला आणि हॉर्निब्रूक दुसऱ्या बेसवर उभा राहिला तो तिथंच राहिला. त्यानंतर त्याचं नाव कुठंच नाही.

हनुमाननं त्या दिवसाची तीन वर्तमानपत्रं जुळवली. त्या बेसवर खरा उभा होता तो भलताच गडी, नेहमीचा आणि नावाजलेला. तारवाल्यानं घोळ घातला होता. हनुमाननं पुरावा जोडला, 'नाव काढावे, चोरी मूळ खेळाडूच्या खात्यात टाकावी' असा शेरा मारला आणि बटण दाबलं. रूपाली मॅडमनी फोन करून सांगितलं, "शनिवारी मंजुरी येईल. पेढे आणून ठेव."

त्याच दिवशी चारच्या सुमाराला बानाबाई भिंतीपासून उठली. कुणाचा हात न धरता जिना उतरली, गल्लीतल्या ड्रेनेजच्या झाकणावर जाऊन उभी राहिली. डावा पाय झाकणावर, उजवा पुढं, गुडघे वाकलेले, दोन्ही हात हवेत लोंबकळत. नजर समोरच्या पिठाच्या गिरणीवर. गल्लीतलं कुत्रं पाच पावलांवर येऊन थांबलं आणि मागच्या मागं सरकत गेलं.

"आत्याबाई, ऊन हाय, वर चला," रत्नमालाबाई म्हणाल्या.

बानाबाईनं ऐकलंच नाही. अंधार पडेस्तोवर ती तशीच उभी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बुधवारी ती पळाली. चालायला काठी लागणारी बाई झाकणावरून सुटली ती गिरणीच्या दिशेनं, आणि अर्ध्या वाटेत गचकन थांबून पुन्हा झाकणाकडं झेपावली. पोटावर घसरत आली. कोपरं सोलली, गुडघ्यातून रक्त आलं. तोंडानं हूं की चूं नाही.

हनुमान उचलायला धावला आणि जागीच थिजला. रस्त्यावर म्हातारीची सावली पडली होती. म्हातारीच्या डोक्यावर पदर होता. सावलीच्या डोक्यावर टोपी होती, पुढं छोटी चोच असलेली.

"असंच चाललं तर दोन दिवसात मरंल रं ती," आई म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात भीती होती.

गुरुवारी बद्रीनाथला बोलावलं. बद्रीनाथचं शहागंजात कुलपांचं दुकान होतं. बाहेरची बाधा बघायचं काम तो जेवणाच्या सुट्टीत करायचा. दोन्ही कामं एकच आहेत, असं त्याचं मत होतं. त्यानं बानाबाईला खोलीत बसवलं, समोर लिंबू ठेवलं आणि दरडावलं, "बोल! कोन हैस? कुठल्या गावचा?"

बानाबाईच्या तोंडून पुरुषी आवाज आला. थकलेला, पण अदबीचा.

"गाव नाय मला."

"नाव?"

"हॉर्निब्रूक."

बद्रीनाथ हनुमानकडं वळला. "ये कौन बिरादरी है?"

"अमेरिकेतला हाय," हनुमान कसाबसा बोलला. "म्हणजे नाय. कुठलाच नाय."

"मग मऱ्हाटी कसा बोलायला?"

"ज्याच्या तोंडानं बोलायचं त्याचीच बोली," आवाज म्हणाला. "मला माझी बोली तरी कुठं दिलती?"

बद्रीनाथला हे पटलं. त्यानं आवाज उतरवून विचारलं, "काय पायजे? कोंबडं? नारळ?"

"एकच चोरी हाय माझी," आवाज म्हणाला. "ज्याच्या खात्यात टाकायलेत त्याच्याकडं ढिगानं हायती. एक वाढली तरी त्याला पत्ता लागायचा नाय. माझी गेली तर मीच गेलो."

कूलर खडखडत होता. हनुमानला वाटलं, आपण कुणाचा तरी गळा दाबून धरलाय आणि तो माणूस शांतपणे आपल्याला वेळ विचारतोय.

बद्रीनाथनं त्याला दाराशी घेतलं. "सुन. मेलेल्याला घालवता येतं, त्याला जायला जागा असते. ह्यो मेलाच नाय, कारण जगलाच नाय. त्याची जागा म्हणजे ती तुझी एक ओळ. ओळ ठेवलीस तर जाईल परत. पुसलीस तर म्हातारीतच ऱ्हाईल, कायमचा. कुलपात किल्ली मोडल्यावानी."

"ओळ ठेवली तर माझी नोकरी जाती."

"ते माझ्याकडं येत नाय," बद्रीनाथ म्हणाला आणि लिंबू खिशात टाकून दुकान उघडायला निघून गेला.

हनुमाननं मोबाईल काढला. अर्ज मागं घ्यायचं बटण समोरच होतं. घरभाडं, आईचं रखडलेलं ऑपरेशन, सहा महिने. त्यानं म्हातारीच्या सोललेल्या गुडघ्याकडं पाहिलं. अंगठा बटणावर गेला.

"थांब," बानाबाई म्हणाली.

हा तिचा स्वतःचा आवाज होता. कित्येक दिवसांनी ऐकलेला, गंजलेला.

"काय करायलास?"

"त्याला परत धाडतो, आज्जी."

"कुठं?"

"तिथंच. दुसऱ्या बेसवर."

"तिथं कोन हाय त्याचं?"

"कुणी नाय," उत्तर त्याच तोंडातून आलं, पण दुसऱ्या आवाजात. "उभं ऱ्हायचं नुसतं. समोरचा मारंल तवा पळायचं. मारीतच नाय कुणी."

"मग कशाला जातुस?" बानाबाईनं स्वतःच्याच मांडीवर हात ठेवला, दुसऱ्याच्या ठेवावा तसा. "मी बी लई उभी ऱ्हायले माळावर. इथंच ऱ्हा की. खातूस काय?"

"ठाव नाय. कधी खाल्लं नाय."

"रत्ने, भाकर आन त्याला. आन् तू गल्लीत पळायचं बंद कर. गुडघं माझे हायती."

"व्हय," आवाज म्हणाला.

रत्नमालाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण उठल्या आणि भाकर आणली. म्हातारीनं एक घास खाल्ला. चेहरा आश्चर्यानं फुलला, जिभेवर मध लावलेल्या तान्ह्या पोरासारखा. मग तिनं, का त्यानं, दोन भाकरी ठेच्यासकट संपवल्या. हनुमानचा अंगठा अजून हवेतच होता.

"दाब ते पुसायचं," बानाबाई म्हणाली.

"दाबलेलंच हाय. शनिवारी मंजूर व्हतंय."

"मग ठेव ते डबडं खाली."

त्यानं ठेवलं.

शनिवारी मंजुरी आली. जगातल्या सगळ्या नोंदींमधून हॉर्निब्रूक एका क्षणात गेला आणि हनुमान पक्का झाला. त्या क्षणी बानाबाईला जोराची उचकी लागली, एवढंच. रूपाली मॅडमनी दोन पेढे खाल्ले आणि पुढचं भूत शोधायला सांगितलं.

त्यानंतर म्हातारी दिवसभर बोलू लागली. दोन आवाजांत. मेंढरांच्या गोष्टी, लांडग्याच्या गोष्टी, मध्येच दुसरा आवाज विचारायचा, "मग कोकरू वाचलं का?" हसणंही दोन प्रकारचं यायचं. शेजारणी म्हणायच्या, म्हातारी किती टवटवीत झाली. सावलीच्या डोक्यावरची टोपी त्यांना दिसत नव्हती, किंवा दिसत असून त्या बोलत नव्हत्या.

एका सकाळी हनुमान ऑफिसला निघताना बूट घालत होता. बानाबाई त्याच्याकडं बघत बसली होती.

"हनम्या, मी काय जल्माला पुरायची नाय," ती सहज म्हणाली. "मी गेले की ह्यो तुझ्याकडं यील. आमचं ठरलंय. नीट जिवू घाल त्याला."

हनुमानच्या हातातली बुटाची नाडी सुटली. तो मान वर करायला धजावला नाही. म्हातारी मात्र पुढं वाकली, त्याच्या पोटऱ्या निरखून बघू लागली, आणि तिनं दुसऱ्या आवाजात, अगदी अदबीनं विचारलं,

"पळायला येतं का रं तुला?"