कांद्यांसाठी खणलेला चर

आमच्या तळ्यात आता बदकं पोहतात. गुबगुबीत आहेत, माझी काही तक्रार नाही. परवा हार्टफर्डहून एक पाहुणा आला आणि मला विचारतो, "मावशी, एवढ्याशा तळ्याला एवढा मोठा लाकडी धक्का कशाला?" मी म्हटलं, "बदकांना उतरायला." त्याला ते खरं वाटलं. शहरातली माणसं काहीही खरं मानतात.

खरं सांगायचं तर इथून कनेक्टिकट नदी वाहायची, आणि ती इथून गेली ती माझ्यामुळे. मी मेहिटाबेल लूमिस, घरच्यांची हिटी. नवऱ्याला समुद्राने नेलं तेव्हा पदरात दोन मुली होत्या. धाकटा भाऊ झेनास माझ्याकडेच राहायला आला आणि राहिला. बंदरावर देखरेखीचं काम त्याच्याकडे होतं. सोन्यासारखा माणूस, पण तोंडात शब्द नाही. न बोलणाऱ्याचे गहू विकले जात नाहीत म्हणतात, तसं त्याचं. लग्नही त्यापायीच राहिलं. ज्या मुलीला विचारायचं तिला विचारायला तो सहा वर्षं निघालेला होता, तोवर तिला तीन मुलं झाली.

तर आमचं स्टॅडली गाव कांद्यावर उभं राहिलं. आणि कांदा म्हणजे बायका. बी टाकायचं बायकांनी, गुडघ्यांवर बसून निंदायचं बायकांनी, उपटून वाळवून गवताच्या दोरीवर वेण्या घालायच्या त्याही बायकांनीच. पुरुष काय करायचे? गलबतात चढवायचे आणि दमायचे. त्या वेण्या दक्षिणेला साखरेच्या बेटांवर जायच्या आणि तिकडून काकवी, मीठ आणि रेशीम यायचं. आमच्याकडे रीत अशी की वाफा ज्या मुलीचा, त्याच्या कमाईतून रेशमी झगा तिचाच. त्यात बापानेही तोंड घालायचं नाही. रविवारी आमच्या पोरी रेशमी झगे घालून चर्चला निघाल्या की बोस्टनची माणसं नाकाला रुमाल लावून बघत राहायची. वास कांद्याचा आणि थाट राणीचा. कप्तान म्हणायचे, रात्री दिवा दिसला नाही तरी स्टॅडली नाकाला सापडतं. इतर गावांची चर्चं लाकडाची, आमचं विटांचं, आणि त्यातली निम्मी वीट कांद्याच्या वेण्या देऊन घेतलेली.

पण माणसाला पुरतं का कुठे? नदी आमच्या गावाला घोड्याच्या नालेसारखा वळसा घालून जायची. नालेची दोन टोकं जिथे जवळ येतात तिथे एक चिंचोळी पट्टी होती, काळी कुळकुळीत माती. पण वर्षभर पाणी साचलेलं. ती पट्टी बघून माझा जीव नुसता तळमळायचा. माझ्या डोक्यात आलं, मधून एक चर खणला तर पाणी निघून जाईल आणि गावातल्या प्रत्येक घरामागे दोन-दोन वाफे वाढतील. आणि माझी अक्कल तिथेच थांबली नाही. चराची दोन्ही तोंडं नदीला उघडी ठेवायची, म्हणजे कांदे होडीत घालून थेट धक्क्यावर आणता येतील. डोक्यावरून वाहायला नकोत. पाण्याला जवळची वाट दाखवतोय, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. डोळ्यांपुढे सगळ्यांच्या कांदेच.

गावसभेत बायकांनी बोलायचं नाही. वरच्या माडीवर बसायचं आणि ऐकायचं. म्हणून मी झेनासला गोठ्यात उभा केला.

"हं, बोल."

"कोणाशी?"

"गाईशी. निदान ती मध्ये बोलणार नाही."

आठवडाभर घोकून घेतलं. सभेत बिचारा उभा राहिला, टोपी पिळत पिळत सगळं बोलला, एक शब्द चुकला नाही. सभेचे अध्यक्ष पेलेग थ्रॉल. चर्चमधले वडीलधारे, नाकाने कांदे सोलणारा माणूस. त्यांनीही हात वर केला. गावातल्या एकूण एक पुरुषाने केला. मी माडीवर बसून मनात म्हटलं, हिटी, तू हुशार आहेस.

पाच वर्षं मी खरंच हुशार होते. कांदा असा पिकला की गोदामं पुरेनात.

सहाव्या वर्षी ऑक्टोबरात तीन दिवस पाऊस लागला. कांदा उपटून, वेण्या घालून गोदामात टांगलेला होता, तेवढं नशीब. सोमवारी सकाळी चरावरची फळी वाहून गेली. दुपारी चराचे काठ ढासळले. मंगळवारी अख्खी नदी त्या चरातून धावत होती, आणि आमच्या धक्क्याखाली चिखल होता. जिथे गलबतं लागायची तिथे थ्रॉलांची डुकरं लोळत होती आणि पोरं हातांनी मासे धरत होती. अति तिथे माती म्हणतात. आमच्याकडे माती, मासे, डुकरं सगळंच आलं.

गुरुवारी जेबेझ रोली कप्तानाचं गलबत आलं आणि नव्या पात्रात, गावापासून अर्ध्या मैलावर उभं राहिलं. मी चिखल तुडवत तिथे गेले.

"लूमिसबाई," वरून कप्तान म्हणाला, "मी नदीनेच आलोय. तुमचं गाव कुठे गेलं?"

"खाली उतरा आणि चालत या. आता आमच्याकडे असंच यायचं."

मग काय करणार? बायकांनी वेण्या गळ्यात घातल्या, खांद्यावर टाकल्या आणि कुरणातून रांग लागली. दोन दिवस ती रांग चालली होती. चिखलात कोण पडत होतं, कोण हसत होतं. माझी मोठी मुलगी तीनदा पडली आणि तिन्ही वेळा त्याच एका खलाशाने तिला उचलली. मी मोजत होते. पण सगळ्यांना कळत होतं की पुढच्या वर्षी कप्तान येणार नाही. ज्या गावाला धक्का आहे तिथे जाईल.

शनिवारी सभा बोलावली. विषय एकच, बंदर कोणी घालवलं. बंदरच गेल्यावर झेनासचं काम गेलंच होतं, आता नाव जायची वेळ आली होती. थ्रॉलांनी ठरवलं होतं की दोषी माणसाचं नाव गावाच्या पुस्तकात लिहायचं आणि दर मार्चच्या सभेत ते सगळ्यांसमोर वाचायचं, तो जिवंत असेपर्यंत आणि नंतरही.

"चराचा प्रस्ताव कोणी मांडला?" थ्रॉलांनी विचारलं.

"मी," झेनास उभा राहिला.

"हे तुझ्याच डोक्यातून निघालं?"

"मांडला मीच."

"आणखी काही सांगायचंय?"

"नाही."

त्याने एकदाही वर माडीकडे पाहिलं नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे मूर्खा, एकदा तरी बघ माझ्याकडे. सभेचे लेखनिक एनॉक बिडवेल यांनी टाक दौतीत बुडवला. मी माडीचा कठडा धरला आणि उभी राहिले.

"तो चर माझा आहे," मी म्हणाले.

खाली सगळ्या माना वर वळल्या. थ्रॉल म्हणाले, "बाई, खाली बसा. सभेत बायकांचं बोलणं धरत नाहीत."

"मग त्याचंही धरू नका. त्याच्या तोंडून निघालेला शब्द न् शब्द माझा होता. दोन्ही तोंडं उघडी ठेवायची अक्कलही माझीच. गोठ्यात उभा करून पाठ करून घेतलंय मी त्याच्याकडून."

कोणीतरी खुदकन हसलं. झेनास मात्र हसला नाही. "ताई, खाली बस," तो हळूच म्हणाला. "चर मी मांडला."

एवढ्यात माझ्या शेजारी कापडाची सळसळ झाली. सबमिट थ्रॉल, आमच्या अध्यक्षांची बायको, वीस वर्षांत कधी कोणापुढे आवाज न चढवलेली, उभी राहिली होती.

"अहो," ती म्हणाली, "चरासाठी तुम्ही हात वर केलात, तो कोणी करायला लावला?"

"सबमिट, ते घरी बोलू."

"घरी मी आठ दिवस बोलले होते, म्हणून तर हात वर झाला. मला ते दोन वाफे हवे होते. आता इथे बोलते."

मग बिडवेलांची बायको उठली. म्हणाली, मी तर ह्यांना जेवायलाच वाढलं नव्हतं. मग गलबतांचे दोरखंड वळणाऱ्याची आई उठली, मग तिच्या दोन्ही सुना, मग मागच्या बाकावरच्या पोरी, रेशमी झग्यांसकट. बघता बघता माडीवर बसलेलं कोणीच उरलं नाही. खाली पुरुष आपापल्या बायकोकडे बघत होते, आणि ज्यांना बघायचं धाडस नव्हतं ते बुटांकडे बघत होते.

बिडवेलांच्या टाकातून शाईचा थेंब कागदावर पडला. "मग मी लिहू काय?" ते केविलवाण्या आवाजात म्हणाले. "एवढी नावं या पानावर मावणार नाहीत."

थ्रॉलांनी वर बघितलं. सबमिट अजून उभीच होती.

"नदी सरकली," ते म्हणाले. "एवढंच लिही."

सभा संपली. हसू सगळ्यांच्या ओठांवर होतं. जे जायचं होतं ते पुढे गेलंच. गोदामं मोडून लोकांनी खालच्या गावात नेली, दोरखंडवाला गेला, दोन्ही खाणावळी बंद झाल्या, आणि जुन्या पात्रात साचलेलं पाणी तेवढं तळं होऊन राहिलं. त्या दिवशी मात्र मी फक्त झेनासला शोधत होते. तो पायऱ्यांवर माझी वाट बघत उभा होता.

"तू सांगितलं का नाहीस?" मी त्याच्यावर खेकसले. "जन्मभर नाव वाचलं असतं तुझं."

"वाचू दे की. मी एकटा माणूस," तो म्हणाला. "तुझ्या पोरी लग्नाच्या आहेत, ताई."

बंदर गेलं तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता सगळ्या गावादेखत त्याच्या कोटात तोंड खुपसून मी मनसोक्त रडले. मला धरायचं कसं, हे त्याला काही कळेना. थोडा वेळ त्याने पाठीवर हात ठेवला, मग म्हणाला, "ताई, पुरे आता. लोकांना वाटेल, कांदे चिरून आलीस."