ढिगाच्या मधली पिशवी

लष्कराच्या तपासनिसानं ढिगातली एक पिशवी उचलली, सीलबंद नमुन्याशेजारी ठेवली आणि दोन्हींचे कोपरे अंगठ्यानं चाचपले. मग तीच पिशवी त्यानं पुन्हा उचलली. बावीस वर्षं हे काम करते आहे मी. तपासनीस एकच वस्तू दुसऱ्यांदा उचलतो, तेव्हा तो कौतुक करत नसतो.

त्यानं कोपऱ्यांवर पट्टी लावून टाके मोजले. नमुन्यात इंचाला नऊ, मालात सात.

"पण कागदात सातच मागितलेत," कारखाना चालवणारी, मालकांची सून म्हणाली.

"मागितलेत ना. पण त्याच्यापुढे लिहिलंय, 'आणि सीलबंद नमुन्याप्रमाणे'. नमुना तुम्हीच दिलात, ताई."

माणूस वाईट नव्हता. तेच तर अवघड होतं, भांडायलाही कोणी नव्हतं. चारशे पिशव्यांची पहिली खेप नापास झाली. पंधरा दिवसांत नमुन्याबरहुकूम माल द्या, नाहीतर करार रद्द आणि तीन वर्षं काळी यादी, असा कागद त्यानं सुनेच्या हातात ठेवला. परत येताना गाडीत मी हवापाण्याच्या चार गोष्टी काढून पाहिल्या, त्या तिनं ऐकल्या नाहीत.

मला आमच्या गावात फॉर्मबाई म्हणतात. व्यापारी संघाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल आहे, आणि लहरी स्वभावाचा एक प्रिंटर. गावातल्या छोट्या कारखानदारांना लष्कराची, सरकारची कंत्राटं मिळवून द्यायची, हे माझं काम. कोणी खिळे करतो, कोणी घोंगड्या, कोणी पत्र्याच्या पेट्या. चांगला माल करणारी ही माणसं सरकारी फॉर्म बघितला की घाबरून जातात. मग मी भरते. कुठे सही, कुठे शिक्का, कुठे गप्प बसायचं, सगळं सांगते. आणि येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावते: नमुना ढिगाच्या मधून काढा. वरचा नको, खास केलेला तर मुळीच नको. जो नमुना द्याल, तोच पुढे तुमचा गळा धरतो.

पिशवीवाल्या मास्तरांना मात्र मी हे सांगितलं नाही.

मास्तर म्हणजे सुनेचे सासरे. पंचाहत्तरीचे, बुटके, कानावर पेन्सिल खोचलेले. कॅनव्हासच्या पिशव्या शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मुलगा गेल्यापासून कारखाना सूनच चालवत होती. हाताखाली अकरा बायका आणि रोज कमी होत चाललेलं काम. लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांना हत्यारं ठेवायला चार हजार पिशव्या हव्यात, ही जाहिरात मीच त्यांना दाखवली होती.

नमुना द्यायच्या दिवशी मास्तर स्वतः जिना चढून आले. धापा टाकत त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. दोऱ्याला मेण चोळलेलं, कोपरे हातानं दुमडून आतून पुन्हा शिवलेले. कुठे टाका सुरू होतो आणि कुठे संपतो, शोधून सापडेना. मी ती उलटी केली, सुलटी केली. मशीनवरच्या बायकांना हे जमणार नाही, हे मला पहिल्या नजरेत कळलं होतं.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"मास्तर, काय सांगू," मी म्हटलं.

आणि खरंच काही सांगितलं नाही. ते लहान मुलासारखे हसले. त्यांचा आनंद मोडवेना, तेवढंच कारण असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण दोन वर्षांत माझ्या टेबलावरून एकही कंत्राट लागलं नव्हतं. संघाच्या बैठकीत, हे टेबल हवंच कशाला, असा विषय निघाला होता. या पिशवीसमोर दुसऱ्या कोणाचा नमुना टिकणार नाही, हेही मला पहिल्या नजरेत कळलं होतं. मी मूग गिळून बसले. कंत्राट मिळालं, संघानं मला फुलांचा गुच्छ दिला आणि मी तो घेतलाही.

खेप नापास झाल्यावर चौथ्या दिवशी मी कारखान्यात गेले. चालू मशीनचा आवाज नव्हता. बायका भिंतीशी बसून नापास पिशव्यांचे कोपरे उसवत होत्या आणि खिडकीपाशी मास्तर ते पुन्हा घालत होते, हातानं. दोन बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली. सुईत दोरा ओवायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. शेजारी बसलेल्या बाईनं हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला.

"किती झाल्या?" मी सुनेला हळूच विचारलं.

"एकोणीस. चार दिवसांत. ऐकतच नाहीत हो. जेवायला उठवलं तर म्हणतात, नाव माझं आहे."

वाट एकच होती आणि ती मी माझ्या पिशवीत घालून आणली होती. नमुना बदलून मिळावा असा अर्ज करता येतो. पण त्यासाठी मालकानं लिहून द्यावं लागतं, आणि कागदोपत्री मालक मास्तरच होते. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. चष्मा पुसून त्यांनी तो सावकाश वाचला. त्यात लिहिलं होतं: सादर केलेला नमुना आमच्या कारखान्याच्या नेहमीच्या कामाचा नाही. तशा दर्जाचं काम पुरवणं आम्हाला शक्य नाही.

"म्हणजे मी लिहून द्यायचं, की मला येत नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला नाही, बाबा. कारखान्याला," सून म्हणाली.

"एकच झालं की."

त्यांनी कागद सरकवून दिला आणि सुई पुन्हा उचलली. आता बोलले नाही तर हा माणूस इथेच शिवत शिवत संपेल, असं मला वाटलं. अकरा बायका ऐकत होत्या. त्यांच्यादेखतच बोलायला हवं होतं.

"मास्तर, चूक तुमची नाही. नमुना ढिगातला द्यायचा असतो, असं मी सगळ्यांना सांगते. तुम्हाला सांगितलं नाही. मला कंत्राट हवं होतं."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. उसवणाऱ्या बायकांचे हात थांबले. मास्तरांनी सुई कॅनव्हासमध्ये खोचून ठेवली.

"म्हणजे पिशवी चांगली झाली होती," ते म्हणाले.

"फार चांगली झाली होती."

"तेव्हा का नाही बोललात मग? तीच बाजूला ठेवली असती मी. दुसरी दिली असती ढिगातली. माझं काय जात होतं?"

मी कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, मग परत खोचली आणि माझ्याकडे पेन मागितलं. सही करण्याआधी म्हणाले, "यात एक शब्द घाला. 'आता आम्हाला शक्य नाही' असं करा."

अशा अर्जात एकही शब्द वाढवायचा नसतो, हेही मी सगळ्यांना बजावते. मी माझ्या हातानं 'आता' लिहिला आणि शेजारी त्यांची छोटी सही घेतली.

अर्ज मंजूर झाला. एका बाईनं मशीनवर शिवलेली, अगदी साधी, सात टाक्यांची पिशवी नवा नमुना म्हणून सील झाली. त्या दिवशी मास्तर मुद्दाम आमच्याबरोबर आले होते. तपासनिसानं जुन्या नमुन्याचं सील तोडलं, पिशवीवर तिरका 'रद्द' असा शिक्का मारला आणि ती त्यांना परत दिली. शिक्का नेमका कोपऱ्यावर आला होता. त्यांनी अंगठ्यानं तो घासून पाहिला, शाई निघाली नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

"तुमच्या टेबलावर ठेवा. पुढचा कोणी आला की दाखवा त्याला."

आवाजात राग नव्हता. मला तो चालला असता.

चार हजार पिशव्या गेल्या. बायकांची कामं टिकली, माझं टेबलही टिकलं. मास्तर त्यानंतर शिवायला बसले नाहीत. सून आता माझ्याकडे येत नाही. फॉर्म भरून घ्यायला कोणातरी बाईला पाठवते आणि निरोपात मला 'मॅडम' म्हणते.

पिशवी टेबलावर आहे. नवीन माणूस आला की मी ती पुढे सरकवते आणि म्हणते, असा नमुना द्यायचा नाही. तो मान हलवतो, पण त्याचं लक्ष नसतं. त्याचा अंगठा शिक्क्यावरून कोपऱ्यावर फिरत असतो, टाका कुठे संपतो ते शोधत. मग तो विचारतो, कोणी शिवली ही? मी नाव सांगते आणि फॉर्म काढते.