उंचीप्रमाणे लावलेली पुस्तकं

ग्रंथपाल लेकीने वाचनालयाच्या कपाटांची कुलपं काढली, तेव्हा असं धाडस आधी कोणीच केलेलं नव्हतं. वाचकांनी आत यावं, हवं ते पुस्तक स्वतः काढावं, हा तिचा हट्ट. "लोक सगळं विस्कटून ठेवतील," म्हणत वाचनालयाच्या अध्यक्षांनी नाक मुरडलं. पण महिनाभर बघू म्हणाले.

ते पाहणीला येणार होते त्या सकाळी आई आधीच वाचनालयात जाऊन पोचली. बघते तर जाड्याशेजारी रोडकं, उंचाशेजारी बुटकं! एवढी शिकली, पण पोरीला वळण म्हणून नाही, असं पुटपुटत तिने घरातले डबे लावावेत तशी सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे लावून टाकली. पुस्तकांच्या पाठीवरच्या, जागा दाखवणाऱ्या आकड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

अध्यक्षांनी एक पुस्तक मागितलं. लेक सवयीने फळीकडे गेली आणि थबकली. पुस्तक जागेवर नव्हतं. कुठलंच नव्हतं.

"बघा! वाचकांनी वाट लावली. उद्यापासून कुलपं."

लेकीची नजर आईच्या धुळीने माखलेल्या हातांवर गेली. तिने ती चटकन दुसरीकडे वळवली. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उभ्या जन्मात कुणापुढे मान न झुकवलेली बाई. पण जीभ रेटलीच तिने.

"त्यांना कशाला बोल लावता? हे माझे उद्योग. कुलूप घालायचं तर मला घाला."

अध्यक्ष पोट धरून हसले, महिना पुरा होऊ द्या म्हणत निघून गेले. लेक जमिनीवर बसून एकेक पुस्तक वेगळं करू लागली.

"मी हात लावू का गं?"

"नको, आई. तू नुसती बस."

आई एवढंसं तोंड करून बसून राहिली.