उलट बसलेलं कुलूप

चावीवाल्याचं हे चौथं घर. माणूस कसबी, कुठलंही कुलूप त्याच्या हातात मुकाट्याने उघडायचं. पण स्वतःच्या घरात त्याचा जीव कधी रमला नाही. पहिलं घर अंधारं निघालं, दुसरं कोंदट. तिसऱ्यात खोट काढायलाही जागा नव्हती, तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. काय, ते विचारलं तर सांगता यायचं नाही. आणि तिन्ही घरांत दुपारी चारला दारावर तीनदा टकटक व्हायची. तो दार ओढून बघायचा, तर बाहेर चिटपाखरू नसायचं. बायकोला ती टकटक कधीच ऐकू आली नाही.

या वेळी तिने निर्वाणीचं सांगितलं, "अहो, घरात काही खोट नाही. तुमचं मन कुठे टेकत नाही, आणि जिथे टेकेल तिथे तुम्ही येत नाही. आता पुन्हा सामान बांधलंत, तर एकट्याचं बांधा."

मग ती चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेला गेली. वीस वर्षं एकटीच जायची बिचारी. त्याचं देवाशी भांडण नव्हतं, फक्त सवड नव्हती. त्याने मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं: आज इथेही टकटक झाली, तर संध्याकाळी निघायचं, तिच्याशिवाय. दोन पेट्या तयार होत्या.

नव्या घरात आधी कुलूप बदलायचं, हा त्याचा शिरस्ता. त्याने दार बिजागऱ्यांवरून उतरवून बाकावर आडवं केलं. दोन्ही अंगांना एकच पांढरा रंग, आणि याचं लक्ष घड्याळाकडे. कुलूप बसवलं, दार टांगलं, आतून लोटून बघितलं. खट्ट झालं, आणि मग त्याचं डोकं ठिकाणावर आलं. फिरवायची मूठ बाहेर गेली होती, किल्लीचं भोक आत. किल्ल्या आणि हत्यारं बाहेर पायरीवर. खिडक्यांना गज. तीस वर्षांचा धंदा, आणि स्वतःच्याच कुलपात अडकला. त्याला हसू आलं.

तेवढ्यात चार वाजले. टक. टक. टक.

दाराखालच्या फटीत दोन पावलांची सावली होती. आजवर तो दार उघडायचा तेव्हा कुणी नसायचं. आज उघडता येत नव्हतं, तर कुणीतरी होतं. बाहेरच्याला नुसती मूठ फिरवायची होती. त्याने दाराला पाठ लावून पाय रोवले.

मूठ फिरली नाही. थोड्या वेळाने पुन्हा टकटक झाली, तितकीच हळू. अर्धा तास गेला तरी सावली हलली नाही. चोर असता तर एव्हाना आत शिरला असता. हाताशी दार असून कुणी असं ताटकळत का उभं राहील? तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, इतकी वर्षं आपण दार उघडलं ते कोण त्रास देतंय ते बघायला. आत या, असं कधी म्हटलंच नाही. घराघरांत जे राहून गेल्यासारखं वाटायचं, ते दाराबाहेर उभं होतं. त्याला रडू आलं, आणि भीतीही गेली नव्हती. तरी त्याने पाठ काढली.

"मला आतून उघडता येत नाही," तो म्हणाला. "तुम्हीच या."

मूठ फिरली.

सहाला बायको परतली. बाहेरची मूठ बघून ती चकित झाली, पण फिरवून आत आली. दोन्ही पेट्या रिकाम्या पडल्या होत्या. नवरा टेबलाशी बसला होता, डोळे लाल, चेहरा लहान मुलासारखा निवांत. टेबलावर तीन ताटं होती.

"कुलूप आता असंच राहू दे," तो म्हणाला.

तिसरं ताट कुणाचं, हे तिने ओळखलं: वीस वर्षं ती ज्याच्या प्रार्थनेला जायची, त्याचं. त्या ताटात मोडलेल्या पावाचा एक तुकडा तिच्यासाठी ठेवलेला होता.