पहिलं ‘नको’

वाल्बोर्ग आत्याला मदत नको आहे अशी नोंद झाली, तेव्हा आत्या स्वयंपाकघरात एका हातानं टेबल आणि दुसऱ्या हातानं फोन धरून उभी होती आणि तिला मदत हवी होती.

बेरिटला हे कळलं रविवारी, चर्चनंतर ती आत्याकडे गेली तेव्हा. दारासमोरचा बर्फ तसाच साचलेला. मोरीत भांडी. आत्याचे पांढरे केस, जे जोलीन दर शुक्रवारी धुऊन, विंचरून, वर बांधून जायची, ते टोपीखाली कोंबलेले. जोलीन ही जिल्ह्याच्या कचेरीकडून येणारी मदतनीस. खुब्याचं हाड मोडल्यापासून आत्याला न्हाणीच्या टबात एकटीनं उतरता येत नव्हतं, आणि जोलीन होती म्हणूनच आत्या अजून स्वतःच्या घरात होती. नाहीतर गावातला वृद्धाश्रम ठरलेला.

“जोलीन आली नाही?”

“बंद झाली.”

“बंद झाली म्हणजे?”

“म्हणजे बंद. कॉफी घेतेस ना?”

“नको, आत्ताच चर्चमध्ये झाली.”

“घे गं अर्धा कप.”

“खरंच नको.”

“केलेलीच आहे. आता काय ओतून देऊ?”

“बरं, दे मग. अर्धाच हं.”

आत्यानं कप काठोकाठ भरला. उत्तर मिनेसोटात यापेक्षा कमी बोलण्यात कुणाच्या पोटात कॉफी गेल्याचं ऐकिवात नाही. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस आमच्याकडे एकतर परगावचा असतो, नाहीतर त्याच्या आईनं त्याला वळण लावलेलं नसतं.

“आता सांग, बंद कशी झाली?”

“त्या नेलीचा फोन आला,” आत्या म्हणाली. “आवाज गोड आहे हो मेलीचा. म्हणाली, वाल्बोर्ग, पुढच्या महिन्यात तुम्हाला घरी मदत हवी आहे का? मी म्हटलं, अं... नाही गं, चाललंय आपलं.”

“मग?”

“मग काय! ‘ठीक आहे, काळजी घ्या’ म्हणाली आणि दिला ठेवून फोन. एकदाच विचारलं, बेरिट. एकदाच!” आत्याचा चेहरा लाल झाला होता. जोलीन गेली याचं दुःख बाजूलाच, त्या उद्धटपणानं तिच्या अंगाची लाही झाली होती. “कुणाच्या घरची मुलगी म्हणायची ही?”

“कुणाच्याच नाही, आत्या. ते यंत्र आहे. माणसासारखं बोलतं, एवढंच.”

“ते मला कळतं. खुबा मोडलाय माझा, डोकं नाही.”

“मग त्याला सरळ हो म्हणायचं ना.”

“पहिल्याच झटक्याला? मी काय हावरी आहे?”

“मी कचेरीत फोन करून सांगते.”

“काय सांगशील? की वाल्बोर्ग म्हातारी झाली, आता तिच्यासाठी भाचीला पदर पसरावा लागतो? खबरदार!”

“अगं, मग निदान पुढच्या वेळी तरी...”

“पुढच्या वेळीही मी हेच म्हणणार,” आत्यानं बशी टेबलावर आपटली. “माझ्या आईनं लावलेलं वळण मी टेलिफोनसाठी मोडू होय? तिला माणसांशी बोलायला पाठवलंय ना? मग माणसांसारखं बोलायला शिकू दे तिला. मी नाही शिकणार तिच्यासारखं.”

बेरिट कपात बघू लागली. कारण नेलीला बोलता येतं की नाही, हे तपासायचं काम बेरिटच्याच विद्यापीठात चाललं होतं.

विद्यापीठाच्या संवाद-अभ्यास केंद्रात बेरिट गेली कित्येक वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांचं बोलणं ऐकत आली होती. दुकानातलं, दवाखान्यातलं, जेवणाच्या टेबलावरचं. कोण कुठे थांबलं, कुणी कुणाला मध्येच तोडलं, कोण ‘अं’ म्हणालं, सगळं लिहून काढायचं. केंद्राचे प्रमुख नॉर्मन स्टेनरूड यांनीच तिला हे शिकवलं होतं. ते पहिल्या तासाला सांगायचे, की सुट्या शब्दाला अर्थ नसतो, पुढचा माणूस त्या शब्दाचं काय करतो ते बघा.

आता त्याच नॉर्मनच्या टेबलावर नेलीचा अहवाल सहीसाठी पडला होता. नेली ही कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीची. आतापर्यंत आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना जिल्ह्याच्या कचेरीतल्या बायका फोन करायच्या. आता तीन गावांत चाचणी म्हणून त्यांच्या जागी नेली करत होती. नेलीला लोकांचं उत्तर बरोबर कळतं, असं विद्यापीठानं सहीनिशी सांगितलं की नेली जिल्हाभर लागू, आणि त्या बायका घरी. सही झाली नाही तर सगळं पहिल्यासारखं. त्या सहीवर आत्याचं घर अडकलं होतं, आणि आत्यासारख्या आणखी किती जणांचं, ते बेरिटला माहीत नव्हतं.

सोमवारी तिनं कंपनीकडे आवाज मागितले. कंपनीनं केंद्राला आतापर्यंत शब्द तेवढे टाइप करून दिले होते. नेलीचा प्रश्न, म्हाताऱ्याचं उत्तर, नेलीचं ‘काळजी घ्या’. कागदावर सगळं कसं चकचकीत दिसत होतं. कंपनीचा माणूस, ट्रेव्हर केसलर, फोनवर हसून म्हणाला, “आवाज कशाला हवेत तुम्हाला? शब्द तेच आहेत.”

“आम्ही इथे आवाजच ऐकतो,” बेरिट म्हणाली. “शब्द वाचायला वाचनालय आहे.”

आवाज आले, आणि ती ऐकत गेली तशी तिला बसवेना. नेली विचारायची, मदत हवी का? मग जरा वेळ काहीच नाही. मग एक श्वास. मग ‘अं, नाही, तसं काही नाही.’ जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल, की हे ‘नाही’ म्हणजे दार लोटलेलं आहे, कडी लावलेली नाही. आणि सगळ्यात वाईट होतं ते शेवटी. नेली ‘काळजी घ्या’ म्हणून फोन ठेवत असताना माणसं बोलतच होती. ‘बरं, तसं म्हटलं तर जिना—’ खट्. ‘आता तू विचारतेच आहेस तर—’ खट्. कंपनीच्या कागदावर यातलं काही नव्हतं. नेलीच्या लेखी फोन संपलेला होता.

आत्याचाही आवाज त्यात होता. ‘म्हणजे, न्हाणीत उतरताना जरा—’ खट्.

बेरिटनं हेडफोन काढून टेबलावर आपटले आणि ती तडक नॉर्मनच्या खोलीत गेली.

नॉर्मननं सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण केंद्राला पैसा हवा होता आणि ट्रेव्हरची कंपनी तो देणार होती. “बेरिट, लोक ‘नाही’ म्हणाले. यंत्रानं ‘नाही’ ऐकलं. यात चूक यंत्राची कशी?”

“तुम्हीच शिकवलंत ना, सुट्या शब्दाला अर्थ नसतो म्हणून?”

“ते माणसांच्या बाबतीत.”

“फोनच्या या टोकाला माणूसच होता, नॉर्मन.”

त्यांनी चष्मा पुसला. “यात तुझी आत्या आहे. तू तटस्थ नाहीस.”

“नाहीच आहे! माझी आत्या आहे म्हणूनच मला ऐकू आलं. तुम्हालाही आलं असतं. तुमची आई कुठली? इथलीच ना?”

“उद्या ट्रेव्हर येतोय,” नॉर्मन म्हणाले. “अहवालावर तुझं नाव दुसरं आहे. तुझी नेमणूकही यंदा नव्यानं व्हायची आहे. नीट विचार कर.”

“केला,” बेरिट म्हणाली. “माझं नाव काढा.”

घरी गेली तरी तिचा राग उतरला नव्हता. आमच्याकडे रागावलेली बाई भांडत नाही, भट्टी तापवते. बेरिटनं फ्रीझरमधून उन्हाळ्यातला रूबार्ब काढला, त्याचे आंबट देठ साखरेत शिजवले, खाली लोण्यापिठाचा थर दिला आणि ट्रे भरून वड्या भाजल्या. या वड्यांसाठी नॉर्मन चर्चच्या जेवणात रांगेत दोनदा उभे राहायचे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत ट्रेव्हरनं पडद्यावर आकडे दाखवले. शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा नेली बरोबर. नॉर्मन मान डोलवत होते. केंद्रातल्या प्रत्येक बैठकीचं ध्वनिमुद्रण व्हायचं, तसं टेबलाच्या मध्यावर यंत्र चालू होतं. बेरिट मागे बसली होती. आकडे संपले तशी ती उठली आणि वड्यांचं ताट घेऊन पुढे आली.

“ट्रेव्हर, वडी घेणार?”

“अरे वा, हो तर!” ट्रेव्हर म्हणाला आणि त्यानं दोन उचलल्या. नॉर्मनच्या भुवया जराशा वर गेल्या. पण तो परगावचा होता.

“नॉर्मन, वडी घेणार?”

नॉर्मननं ताटाकडे पाहिलं. जरा थांबले. “अं... नको, नको. तुम्ही घ्या.”

“ठीक आहे,” बेरिट गोड आवाजात म्हणाली. “काळजी घ्या.”

तिनं ताट उचललं, वड्या डब्यात घातल्या आणि झाकण लावलं.

नॉर्मनचा हात टेबलावरून दोन बोटं पुढे आला होता. तो तिथेच राहिला. ते डब्याकडे बघत होते, मग बेरिटकडे, मग पुन्हा डब्याकडे.

“चला, मग सहीचं बघू,” ट्रेव्हर तोंडातला घास गिळत म्हणाला.

“म्हणजे, छान दिसत होत्या...” नॉर्मन म्हणाले.

“प्रोफेसर स्टेनरूड यांना वडी नको आहे,” बेरिट म्हणाली. “नोंद झाली. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारू.”

“अगं, पण मी नको म्हटलंच नव्हतं!”

ट्रेव्हर चावायचा थांबला. “म्हटलंत की. मी ऐकलं. दोनदा म्हटलंत.”

“ते तसं नव्हतं...” नॉर्मन बोलता बोलता थबकले. त्यांचे कान लाल झाले.

“कसं नव्हतं?” बेरिट म्हणाली. तिचा आवाज आता गोड नव्हता. “सांगा ना. ध्वनिमुद्रण चालू आहे. तुम्हाला एक वडी मिळाली नाही तर तुमचा जीव कासावीस झाला. माझी आत्या मदतनीस बंद झाल्यापासून अंघोळीवाचून आहे. ती काय म्हणाली ते तुमच्या नेलीला कळलं नाही, ठीक आहे, ती बिचारी तारांची बनलेली आहे. पण तुम्हाला कळलं होतं. तुम्हाला प्रत्येक वेळी कळतं, आणि तरी तुम्ही अठ्ठ्याण्णव लिहू दिलंत.”

“हे जरा भावनिक होतंय,” ट्रेव्हर म्हणाला. “आपण नेलीला तीनदा विचारायला लावू. एका दुपारचं काम आहे.”

“लावा. विचारण्याच्या मध्ये ती काय बोलेल? कॉफी केलेलीच आहे म्हणेल? जोलीन तशीही त्या रस्त्यानं जातेच म्हणेल? दुसऱ्यांदा विचारणारा जरा पुढे सरकतो, ट्रेव्हर, म्हणून समोरच्याला हो म्हणता येतं. नुसतं तेच तीनदा विचारलंत तर लोक तीनदा नाही म्हणतील. आणि मग ते खरंच नाही असेल.” तिनं डबा काखेत मारला. “माझी सही मिळणार नाही. नेमणूक गेली तर गेली.”

ती आपल्या खोलीत जाऊन बसली. केलं ते बरं केलं की वेडेपणा केला, हे तिला कळत नव्हतं, आणि केलेलं मागे घ्यायची तिची तयारी नव्हती. तिनं हेडफोन लावले आणि काहीच सुरू न करता तशीच बसून राहिली.

बऱ्याच वेळानं दार वाजलं. नॉर्मन उंबऱ्याशी उभे होते. आत यायचं नाही आणि जायचंही नाही, असे.

“बाहेर गारठा वाढलाय,” ते म्हणाले.

“हो.”

“रात्री अजून बर्फ पडेल म्हणतात.”

“म्हणतात खरं.”

नॉर्मननं घसा खाकरला. मग त्या साठी उलटलेल्या माणसानं, ज्याच्या घराण्यात कुणी कधी असं केलं नसेल, बेरिटच्या डोळ्यांत बघून विचारलं, “वडी देतेस का मला एक?”

बेरिटनं डबा उघडून पुढे धरला. त्यांनी उभ्याउभ्याच अर्धी वडी खाल्ली. मिशीत लागलेला चुरा झटकला.

“कचेरीत फोन केला मी,” ते म्हणाले. “सोमवारपासून त्यांच्या बायकाच फोन करतील, पहिल्यासारखे. ज्यांनी ज्यांनी नाही म्हटलं होतं त्यांना आधी. तुझ्या आत्याचं नाव मी सांगितलं नाही. तिला आवडलं नसतं.”

“नसतंच. आणि ट्रेव्हर?”

“ट्रेव्हर म्हणाला, सही करा. मी म्हटलं, नाही.”

“मग?”

“मग त्यानं जेवायला नेलं, आणि पुन्हा विचारलं. केंद्राला नवी खोली बांधून देतो म्हणाला. गाडीत बसताना आणखी एकदा विचारलं.” नॉर्मननं उरलेली अर्धी वडी तोंडात टाकली आणि सावकाश चावून संपवली. “मी तीनदा नाही म्हटलं, बेरिट.”

“तीनदा?”

“तीनदा.”

बेरिटनं डबा पुन्हा त्यांच्यापुढे धरला. ते नको म्हणाले, आणि ती डबा तसाच धरून उभी राहिली.