खाडीकाठची म्हातारी

खडवलीहून आलेल्या त्या पत्राला प्रभाकर गुर्जरांनी उत्तर दिलं नव्हतं. उत्तर तसं एका शब्दाचं होतं. अंतर्देशीय पत्रावर कुणा मुलीच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं: "गुर्जर सर यांस साईनाथची आई तुळसा मढवी हिचा नमस्कार. आमचा साईनाथ दर शनिवारी तुमच्याकडे शिकायला येत होता. तो काय शिकत होता ते आम्हाला कळलं नाही. त्याने धर्म बदलला होता का, तेवढं हो किंवा नाही लिहून द्या. भावकीला दाखवायचं आहे."

साईनाथला जाऊन तेव्हा महिना उलटला होता. डेंग्यूचं निमित्त झालं आणि सत्तावीस वर्षांचा मुलगा कल्याणच्या हॉस्पिटलात बघता बघता संपला. गुर्जरांना बातमी कळली तीही उशिरा, त्याचा फोन सारखा बंद लागायला लागला तेव्हा.

गुर्जर लॅटिन शिकवत. मुंबईच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर तेच केलं. विद्यार्थी कमी कमी होत गेले आणि ते निवृत्त झाल्यावर कॉलेजने तो विषयच बंद करून टाकला. निरोपसमारंभात प्राचार्य म्हणाले, "सर गेले आणि लॅटिन गेलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो आपला गौरव होता की दुसरं काही, हे गुर्जरांना अजून ठरवता आलेलं नव्हतं. मग ठाण्यातल्या एका छोट्या संशोधन संस्थेने त्यांना माडीवरची एक खोली दिली आणि तिथे शनिवारचा वर्ग सुरू झाला. एक निवृत्त वकील, वनस्पतिशास्त्राच्या दोन मुली आणि साईनाथ. वकील थकले, मुलींचं काम भागलं, साईनाथ टिकला.

मानपाड्याला एका औषध कंपनीत तो पॅकिंगवर देखरेख करायचा. इतिहासात एम.ए. केलं होतं, त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. ठाण्याच्या जुन्या चर्चमधल्या थडग्यांवरची अक्षरं वाचता येत नाहीत, एवढ्याच कारणासाठी तो पहिल्यांदा आला.

"सर, हे रोमन लोकांचं लॅटिन ना? मग इथं कसं आलं?"

"रोमन संपल्यावरही हजार-दीड हजार वर्षं युरोपातले विद्वान लॅटिनमध्येच लिहीत होते," गुर्जर म्हणाले. "वैद्य, वकील, पाद्री, सगळे. आपल्याकडे पेशवाईत शास्त्री संस्कृतात काव्यं करायचे ना, तसं. त्यातलं पुष्कळसं कुणी वाचत नाही. वाचण्यासारखं आहे की नाही, तेही मला नक्की सांगता यायचं नाही."

"तुम्ही का वाचता मग?"

गुर्जरांनी टेबलावरचं पुस्तक उघडलं. साईनाथ हसला आणि पुढच्या शनिवारी पुन्हा आला.

त्याला वाचायला दिलेलं काव्य गुर्जरांच्या स्वतःच्या पदरात चाळीस वर्षं पडून होतं. सतराव्या शतकात रोममध्ये छापलेलं, ठाण्याकडच्या साष्टीत राहून गेलेल्या एका पाद्र्याचं. खाडीकाठच्या गावांतली देवळं कशी पाडली, माणसं कशी बाटवली याचं ते विजयगीत होतं. भाषा घोटीव, वृत्त निर्दोष, आणि मजकूर असा की वाचून हात धुवावेसे वाटावेत. गुर्जरांना त्याची टिपांसह आवृत्ती काढायची होती. ती निघाली नव्हती. मुलाला हे द्यावं का, असा विचार त्यांच्या मनात आला होता, पण दुसरं काही हाताशी नव्हतं.

साईनाथ मात्र त्यावर तुटून पडला. म्हणायचा, "सर, आमच्या लोकांनी काही लिहून ठेवलंय कुठं? नाय ना. मग ज्याने लुटलं त्याच्याकडेच विचारायला लागणार. चोर पकडला की त्याच्याकडूनच कळतं ना, घरात काय काय होतं ते."

वृत्त शिकवायची गुर्जरांची पद्धत त्यांची स्वतःची होती. गुरू अक्षराला मांडीवर अख्खा तळवा, लघूला नुसती बोटं. शाळेत भगण शिकलेला कुठलाही मराठी मुलगा लॅटिन षट्पदी, म्हणजे सहा गणांची ओळ, म्हणू शकतो, असं ते सांगत, आणि ओळी चालीवर म्हणून घेत. साईनाथचा आवाज चांगला होता. खालच्या मजल्यावरचा ग्रंथपाल वर येऊन विचारायचा, "काय सर, आज कुठली आरती?"

आणि आता हे पत्र. हो किंवा नाही.

नाही असं लिहायला बसले की गुर्जरांचा हात थांबायचा. आपण त्याला कधी विचारलं होतं? त्याच्या मनात काय होतं, आपल्याला काय माहीत? जन्मभर ज्याने पुराव्यावाचून एक टीप लिहिली नाही, त्याने एका आईला कशाच्या आधारावर लिहून द्यायचं? बरं, तो काय वाचत होता हे खरं लिहावं, तर पाद्र्याचं काव्य एवढंच भावकीला ऐकू जाणार. वैद्यकाचं पुस्तक वाचत होता असं लिहावं तर ते धडधडीत खोटं. आणि सगळ्याच्या तळाशी भीती होती. चार माणसं पत्र हातात घेऊन दारात उभी राहिली तर? ही शेवटची गोष्ट त्यांनी सुमतीबाईंनाही सांगितली नाही.

"उत्तर लिहिलंत का हो त्या बाईला?" सुमतीबाई विचारत.

"लिहितोय."

"महाकाव्य लिहिताय का? एका कागदाचं काम."

मग त्यांनी विचारणं सोडलं. वर्ष गेलं.

अक्षदा आली तेव्हा दुपारची वेळ होती. दारात उभी राहून म्हणाली, "साईनाथची बहीण मी. त्याची काही पुस्तकं तुमच्याकडे असतील तर न्यायला आलेली." ती कल्याणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. गळ्यात अजून तिथलं ओळखपत्र होतं.

सुमतीबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. गुर्जर समोर खुर्चीच्या कडेवर बसले. पत्राचा विषय आपण काढावा की तिने, हे त्यांना ठरवता येईना.

तिनेच काढला. "पत्र पोचलेलं ना सर, आमचं?"

"पोचलं होतं."

"वाटलंच. आई बोलायची, पोस्टात हरवलं असेल." तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "काळुराम काका बोलला, मास्तर उत्तर देत नाय म्हणजे काय ते समजा. नाय असतं तर नाय लिहायला त्याला किती वेळ लागतो?"

सुमतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. ते पाहण्यापेक्षा वाईट होतं.

"पण त्यांच्या डोक्यात हे आलं कुठून?" गुर्जरांनी विचारलं.

"हॉस्पिटलात त्याच्या बॅगेत झेरॉक्स होती. पहिल्या पानावर एवढा मोठा क्रॉस." तिने हातांनी दाखवला. "काकाने बघितला. आणि तापात तो काहीतरी बोलत होता, गाण्यासारखं. आणि सोबत हात असा आपटत होता, पलंगावर. सलाइन निघायची त्याची, शेवटी नर्सने हात बांधला. काका बोलला, गो वयनी, तुजा पोरगा बाटला. पादऱ्याची पूजा बोलतंय."

गुर्जरांचा उजवा हात मांडीवर होता. तो त्यांनी उचलून खुर्चीच्या दांड्यावर ठेवला.

"वर्षश्राद्धाला भावकीतलं कोण आलं नाय," अक्षदा सांगत राहिली. "पन्नास माणसांचं जेवण केलेलं. संध्याकाळी मी आणि आईने टोप उचलून नदीपलीकडे वीटभट्टीवर नेऊन दिलं. तिथली पोरं जेवली."

"मी आता लिहून देतो," गुर्जर घाईघाईने म्हणाले. "भावकीला दाखवायला. आत्ता लिहितो."

"भावकी गेली खड्ड्यात." ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "सॉरी काकू. पण त्यांचं काय नाय आता. आईचं आहे. आधी ती सगळ्यांशी भांडायची त्याच्यासाठी. तुमचं उत्तर येईल, दाखवते एकेकाला, असं बोलायची. मग बोलायची बंद झाली. आता ती घरात त्याचं नावच घेत नाय. फोटो होता, तो कपाटात ठेवला. मला बोलली, आपल्याला सांगितलं असतं तर काय आपण मारलं असतं त्याला? म्हणजे तिला पण आता तेच वाटतं, सर. पोरगा आपल्याला फसवून गेला असं वाटतं तिला."

 मग गुर्जर उठले, आतल्या कपाटातून आपली झेरॉक्स घेऊन आले. पहिलं पान उलटं करून त्यांनी ती टेबलावर ठेवली. नंतर स्वतःचीच लाज वाटून ते पान पुन्हा सुलटं केलं. क्रॉस आणि त्याखाली तीन खिळे.

"तापात काय म्हणत होता? काही आठवतं?"

"शब्द नाय आठवत. चाल आठवते."

गुर्जरांनी चष्मा पुसला. कुठली ओळ असेल? काव्य दीड हजार ओळींचं होतं. पण पानं उलटताना त्यांचा हात एका जागी आपोआप थांबला, कारण त्या जागी साईनाथ दर वेळी थांबायचा. त्यांनी म्हणायला सुरुवात केली.  मांडीवर हात आपटायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण हाताशिवाय त्यांना चाल धरता येईना. तिसऱ्या ओळीच्या शेवटी "मात्रिस इन एदेस" आलं तशी अक्षदा एकदम ताठ झाली.

"हेच," ती म्हणाली. "सर, हेच. पुन्हा बोला."

त्यांनी पुन्हा म्हटलं.

"काय आहे ते? प्रार्थना आहे?"

"नाही गं. प्रार्थना नाही." गुर्जर सांगू लागले, अडखळत, मधेच मागे जात. "पाद्री शिपाई घेऊन कळव्याच्या बाजूला एका आगरावर येतो. मीठ पिकवणाऱ्यांचं गाव. देवीचं ठाणं फोडायचं असतं. पण गावकऱ्यांनी आधीच देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर फासलेला दगड, होडीत घालून खाडीपलीकडे नेलेला असतो. ठाण्यावर कुणी नाही, एक म्हातारी तेवढी बसलेली. पाद्री दरडावून विचारतो, कुठे गेली तुझी देवी? तर ती म्हणते..." ते थांबले. "म्हणते, देवी आईच्या घरी गेली आहे. मात्रिस इन एदेस. माहेरी गेली."

अक्षदाच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने लगेच तोंडावर हात घेतला.

"तोही असाच हसला होता," गुर्जर म्हणाले. "मला कळेना का हसतो. पाद्र्याने पुढे दहा ओळी त्या म्हातारीच्या अडाणीपणावर लिहिल्यात. म्हणे यांच्या देवांनाही आई असते, सासर-माहेर असतं, केवढी ही मूढ माणसं. मी चाळीस वर्षं ते तसंच वाचत आलो. साईनाथ म्हणाला, सर, म्हातारीने त्याला शेंडी लावली की! शिपायांसमोर तोंडावर शेंडी लावली, आणि हा शहाणा घरी जाऊन कविता करतोय. मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. दर शनिवारी जाताना तेवढ्या ओळी म्हणायचा."

"आईचं माहेर कळव्याला," अक्षदा हळूच म्हणाली. "आगरावरच."

"हो, त्याने सांगितलं होतं."

ती रडत नव्हती. टेबलावरच्या पानाकडे बघत होती, ज्यातलं एक अक्षर तिला लागत नव्हतं.

"हे मी जाऊन सांगितलं तर आईला खरं वाटणार नाय," ती म्हणाली. "बोलेल, तू रचून आणलंस माझं मन राखायला. तुम्ही लिहा. आणि माझ्या हातात देऊ नका, पोस्टाने पाठवा. पोस्टमन नाथाकाका आळीत मोठ्याने नाव पुकारतो."

"पण आता वाटेल का खरं त्यांना? इतक्या उशिरा?"

"माहीत नाय," अक्षदा म्हणाली. पुस्तकं न घेताच ती निघाली. जिन्यात सुमतीबाई तिच्याबरोबर खालपर्यंत गेल्या.

वर आल्यावर त्या टेबलाशी उभ्या राहिल्या. "आणि बदललेला असता धर्म, तरी तिचाच मुलगा ना तो?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

गुर्जरांनी त्या दुपारी लिहिलं, खोडलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. शेवटी पत्र झालं ते असं:

"सौ. तुळसाबाई यांस सप्रेम नमस्कार. आपल्या पत्राचं उत्तर मी वर्षभर दिलं नाही. मी भ्यालो. त्याची किंमत आपण मोजलीत.

"आपला प्रश्न होता, हो किंवा नाही. उत्तर नाही असं आहे. मी त्याला तोंडाने कधी विचारलं नव्हतं. तरीही नाही असं लिहितो, आणि खाली सही करतो. तो एका पाद्र्याचं काव्य वाचत होता हे खरं आहे. ते त्याला मी दिलं होतं. बॅगेतला कागद माझाच. तापात तो जे म्हणत होता, त्या ओळी मराठी करून खाली देत आहे. त्यात बोलणारी म्हातारी आपल्या माहेरच्या आगरावरची आहे, आणि ती पाद्र्याला फसवते आहे. पाद्र्याच्या बाजूने वाचणाऱ्याला त्या ओळीचं हसू येत नाही. मला चाळीस वर्षं आलं नाही. आपल्या मुलाला पहिल्याच वाचनात आलं. माझ्याकडे पुरावा आहे तो एवढाच.

"हात आपटायला त्याला मी शिकवलं होतं. ती ताल धरायची रीत आहे, पूजा नाही.

"आणि त्याने धर्म बदलला असता, तरी तो आपलाच मुलगा होता. हे मला आपल्याला सांगायची गरज नसावी."

शेवटचा परिच्छेद त्यांनी दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा लिहिला. खाली सात ओळींचं भाषांतर जोडलं. त्यातल्या एकीबद्दलही त्यांना खात्री नव्हती.

सकाळी ते टपाल कचेरीत गेले. खिडकीवरच्या मुलीने लिफाफा फिरवून पाहिला. "खडवली? टिटवाळ्याच्या पुढे ना, काका? साधं की स्पीड पोस्ट?"

"लवकर पोचेल ते."

"परवापर्यंत जाईल."

तिने वजन केलं, शिक्का मारला. पावती हातात घेताना गुर्जरांना वरचा मायना आठवला. सौ. लिहिलं होतं आपण. साईनाथचे वडील हयात आहेत की नाहीत, हे त्यांना माहीत नव्हतं. दोन वर्षं मुलगा समोर बसला आणि तेवढंही कधी विचारलं नव्हतं.

"जरा थांबा," ते म्हणाले. "ते पाकीट जरा परत..."

"काय झालं, काका?" तिने लिफाफा मागच्या पोत्यात टाकला होता आणि पुढच्या माणसाकडे हात केला होता.

"काही नाही," गुर्जर म्हणाले आणि रांगेतून बाजूला झाले.